नात्यात न्हाय, घरातच

आमच्या विभागाच्या दारावर लांबलचक नाव लिहिलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. स्टँडवर उतरलेला माणूस रिक्षावाल्याला सांगतो, "शेक देत्यात तितं सोडा," आणि रिक्षावाला बरोबर आमच्या फाटकाशी आणून सोडतो.

मी तो शेक देणारा. कॅन्सरवर किरणांचा उपचार करणाऱ्या यंत्रावर तंत्रज्ञ आहे. किती किरण आणि कुठे, हे डॉक्टर ठरवतात. त्याचं गणित फिजिसिस्ट करतो. रुग्णाला टेबलावर मिलिमीटरच्या हिशोबाने झोपवणं, जाड दार लावून बाहेर येणं आणि बटण दाबणं हे माझं काम. पंचवीस वर्षं झाली. नोकरीला लागलो तेव्हा सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या आमच्या गल्लीत बातमी पसरली होती की मी 'करंट देण्याच्या' खात्यात लागलो. माझ्याशी हात मिळवायला लोक दोन महिने कचरत होते.

शेक या शब्दाने आम्हाला फार त्रास दिला आहे. शेक म्हटला की ऊब आली. ऊब म्हटली की तेल आलं, हळद आली, गरम फडकं आलं. आम्ही ज्या कातडीला जपायला सांगतो तिच्यावर लोक घरी जाऊन हौसेने आणखी शेक देतात. किरणांना ऊब नसते. रंग नसतो, वास नसतो. टेबलावरच्या माणसाला काहीच कळत नाही आणि बाहेर कॅमेऱ्यात पाहणाऱ्या मलाही काही दिसत नाही. जे जाणवत नाही त्याची भीती रोज ताजी ठेवायची, हे आमच्या धंद्यातलं खरं कसब. ज्याची भीती गेली त्या तंत्रज्ञाने दुसरी नोकरी बघावी.

जेऊरहून रोज रेल्वेने येणारे एक आजोबा होते. घशात गाठ. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "सर, रोज रोज चिमूट चिमूट काय देताय? समदा एका दमात द्या की. माझा कांदा काढायचा राह्यलाय."

"आजोबा, एका दमात दिला तर गाठ जाईल, पण तिच्याबरोबर तुम्हीही जाल."

आजोबा निमूट टेबलावर आडवे झाले. "मग राहू द्या. चिमूटच द्या."

ही चिमूट काय आहे ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सोलापुरात एक सोय आहे, धाग्याचं उदाहरण दिलं की कुणालाही कळतं. आपल्या प्रत्येक पेशीत एकमेकांना पीळ घातलेले दोन लांब धागे असतात. तो डीएनए. पेशीने काय करायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे सगळं त्यावर लिहिलेलं. हा धागा सारखा खराब होत असतो. उन्हाने होतो, तंबाखूने होतो, नुसत्या श्वासानेही होतो. एकेका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी लहानमोठी इजा होते. तरी आपण जगतो, कारण पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिनं रात्रंदिवस कामावर असतात. एका धाग्यावरचं अक्षर बिघडलं तर ती तेवढा तुकडा कापतात, समोरच्या धाग्यावर काय आहे ते बघतात आणि त्याच्या जोडीचं अक्षर नव्याने भरतात.

दोन्ही धागे एकाच जागी तुटले की मात्र अवघड. आता बघायला समोरचा धागा उरला नाही. अशा वेळी काही प्रथिनं दोन टोकं ओढून सरळ गाठ मारतात. त्यात एखाददुसरं अक्षर गळतं, पण वेळ निभावते. काही प्रथिनं त्याच धाग्याची दुसरी प्रत मिळाली तर तिच्यावरून नीट जुळवून घेतात. पण या सगळ्याच्या आधी एक काम व्हावं लागतं. तार तुटल्याचं कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं आणि माग थांबवावा लागतो. तुटक्या तारेवर माग चालू ठेवला तर पुढचं सगळं कापड वाया जातं, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पेशीतही माग थांबवणारं एक प्रथिन असतं. दोन्ही धागे तुटले की ते बोंब मारतं, वाढ थांबवतं आणि दुरुस्ती करणाऱ्यांना हाक घालतं.

आमचे किरण मुद्दाम दोन्ही धागे तोडतात. कॅन्सरच्या पेशी दुरुस्तीत सहसा कच्च्या असतात, शेजारच्या निरोगी पेशी पक्क्या. म्हणून रोज चिमूटभर द्यायचं आणि रात्र मोकळी सोडायची. त्या रात्रीत चांगल्या पेशी सावरतात, वाईट मागे पडतात. यंत्र फक्त तोडतं. जोडण्याचं काम रुग्णाचं शरीर करतं, आणि ते करेलच असं आम्ही गृहीत धरतो. आमचा सगळा उपचार या एका भरवशावर उभा आहे. गौरी येईपर्यंत हा भरवसा चुकू शकतो असं मला वाटलंच नव्हतं.

गौरी नऊ वर्षांची. अक्कलकोटच्या पलीकडचं, कर्नाटकाला लागून असलेलं गाव. मानेत गाठी होत्या. इंजेक्शनांचा पहिला भाग संपवून ती आमच्याकडे आली. बरोबर आई महादेवी, तिच्या कडेवर वर्षाची सावी, आणि चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेला एक उंच, अबोल माणूस. महादेवी त्याला 'मामा' म्हणायची. गौरी 'अप्पा' म्हणायची. आम्ही दोन्ही जोडले आणि तो सगळ्या विभागाचा 'अप्पामामा' झाला. मुलीसाठी खाडे करून येणारा असा मामा प्रत्येकाला मिळो, असं आमच्या सिस्टर म्हणत.

गौरी झोकांड्या देत चालायची. इंजेक्शनांनी पायातलं बळ जातं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. तिचे डोळे लालसर असायचे. एप्रिल महिना, सोलापूरची धूळ आणि नऊ वर्षांची रडकी पोर. त्यातही कुणाला नवल वाटलं नाही.

मान आणि डोकं हलू नये म्हणून आम्ही जाळीचा मुखवटा करतो. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवली की काही मिनिटांत तशीच घट्ट होते. मोठी माणसंही त्यात घाबरतात. गौरीने एकदा बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "ही चाळणी हाय. मला चाळणार का?"

"चाळून खडे काढणार."

"आन मी?"

"तू खाली. तू पीठ."

ती हसली. पण आत एकटं राहायचं म्हटल्यावर रडू लागली. शेवटी ठरलं की मी बाहेरून माइकवर आकडे म्हणायचे, म्हणजे तिला मी आहे हे कळेल. मी एक, दोन सुरू केलं. मुखवट्यातून आवाज आला, "कन्नडात म्हणा." मग मी तिच्याकडून ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु शिकलो आणि रोज म्हणू लागलो. माझा 'एळु', म्हणजे सात, चुकायचा. टेबलावरून सुटली की पहिल्यांदा ती मला त्यावरून चिडवायची.

चौथ्या दिवशी तिने चिडवलं नाही. मुखवटा काढला तेव्हा मानेची कातडी लाल होती. नुसती लाल नव्हे, भाजल्यासारखी, कडेला फोड धरलेली. तोंड उघडायला सांगितलं तर आतही सालं निघाली होती.

कातडी लाल होते, पण तिसऱ्या आठवड्यात. चौथ्या दिवशी कधीही नाही. ठरलेल्या डोसचा तिसरा हिस्साही अजून तिला मिळाला नव्हता. मी लगेच मॅडमना बोलावलं. आमच्या मॅडम, म्हणजे विभागाच्या डॉक्टर, घाईने बोलणाऱ्या. त्यांनी मान पाहिली आणि एकच वाक्य बोलल्या, तेही हळू. "हिचं थांबवा, आणि मशीन तपासल्याशिवाय आज पुढचा पेशंट घेऊ नका."

बाहेर त्या दिवसाचे चौतीस रुग्ण होते. मशीन जर जास्त देत असेल तर ते सगळेच भाजले गेले होते, फक्त अजून दिसत नव्हतं इतकंच. आमच्या कामातली ही सगळ्यात वाईट कल्पना. औषध चुकलं तर उतारा शोधता येतो. दिलेला किरण परत काढून घेता येत नाही. मी बाकावरच्या चेहऱ्यांकडे बघत होतो आणि प्रत्येकाच्या अंगात मला तुटलेले धागे दिसत होते. त्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, "सर, लाईट गेली का?" मी हो म्हणून मान हलवली.

आमचा फिजिसिस्ट जावेद, हातात मोजणीची उपकरणं घेऊन आत गेला. पाण्याची टाकी ठेवून किरण मोजतात. त्याने एकदा मोजलं, मग मी बघत असताना पुन्हा मोजलं. मग गौरीचं गणित पहिल्यापासून हाताने केलं.

"सर, मशीन एकदम बरोबर हाय. गणित बी बरोबर हाय."

"परत बघ."

"तिसरी बार बघू का? बघतो. पण सर, आकडा बदलनार नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. चौतीस जण वाचले होते. पण मशीन चुकलं असतं तर निदान काय झालं ते कळलं असतं. सगळं बरोबर असताना मुलगी भाजली होती.

उरला एकच संशय, शेकाचा. घरी जाऊन यांनी मानेवर काहीतरी लावलं असणार. मी जरा आवाज चढवूनच बाहेर आलो. महादेवी बाकावर बसली होती, गौरीचं डोकं मांडीवर, सावी खाली फरशीवर. अप्पामामा उभा.

"ताई, खरं सांगा. काय लावलं? हळद? तूप?"

"कायबी न्हाय ओ, सर. तुमी सांगितल्यावर पाणीसुदीक लावलं न्हाय."

"गरम फडकं?"

"गौरीची आण. न्हाय."

गौरीने डोळे न उघडता म्हटलं, "अप्पा, नीरु."

"मामा, पाणी मागायलीय ती," महादेवी म्हणाली. त्याने बाटलीचं टोपण उघडलं. तिला घोट गिळवला नाही. पाणी ओठावरून गळ्यावर आलं आणि ती किंचाळली.

मला बघवेना. मी त्याला म्हणालो, "मामा, हिच्या वडलांना फोन लावा. असतील तिथून बोलवा. मॅडमना त्यांच्याशीच बोलावं लागेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मीच की."

"मीच काय?"

"मीच बाप हाय की तिचा. अप्पा म्हंजे बापच की आमच्यात."

"अहो, मग या तुम्हाला मामा का म्हणतात?"

उत्तर महादेवीने दिलं, आणि मला इतकंसुद्धा कळत नाही याचं तिला त्या स्थितीतही जरा हसू आल्यासारखं वाटलं. "मामाच हाय की माझा. सख्खा. आईचा धाकटा भाऊ. लहानपनापासनं मामा म्हनते, आता काय दुसरं म्हनू?"

"ताई, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं ना, लग्न नात्यात झालंय का म्हणून?"

"इचारलं होतं की. मी न्हाय म्हटलं." ती मला समजावू लागली. "नात्यात कुटं दिलंय मला? नात्यात म्हंजे लांबलांबची मानसं. मला घरातच दिलंय."

मी आत जाऊन मॅडमना हे जसंच्या तसं सांगितलं. यातून काय निघतं ते मला ठाऊक नव्हतं. फक्त आमच्या कागदावर 'नाही' आहे आणि ते 'हो' आहे, एवढाच फरक घेऊन गेलो होतो. मॅडमचा चेहरा मात्र उतरला. त्या गौरीजवळ आल्या, तिच्या पापण्या वर केल्या. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल शिरांचं जाळं होतं. ती धुळीची लाली नव्हती. मॅडमनी आपलं बोट पुढे धरलं. "बाळा, माझ्या बोटाला हात लाव, मग तुझ्या नाकाला." गौरीचं बोट हवेत डगमगत गेलं, गालाला लागलं.

"ही इंजेक्शनाच्या आधीपासून अशी चालते?"

"चालायला लागली तवापासनं," बाप म्हणाला. "पडत पडतच चालायची."

मॅडम तिथेच बाकावर बसल्या. रुग्णांच्या बाकावर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं. काही मुलं माग थांबवणाऱ्या त्या प्रथिनाशिवायच जन्माला येतात. धागे तुटतात, पण बोंब मारायला कुणी नसतं. पेशीला कळतच नाही की आपण तुटलो आहोत. म्हणून या मुलांना कॅन्सर लवकर होतो, आणि त्या कॅन्सरवर आपण किरण दिले तर इतरांना जे सोसतं त्याने यांची चांगली कातडीही जळते. आम्ही रोज तिला एक रात्र सोडत होतो. तिच्या पेशींना त्या रात्रीचा काही उपयोगच नव्हता. आणखी चार दिवस दिले असते तर काय झालं असतं, हे मॅडमनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो तो सरळ बारावीतल्या मुलाला म्हणालो, "या फरशीच्या रेषेवरून चालून दाखव."

"पप्पा, मी पिऊन आलोय असं वाटतंय का तुम्हाला?"

"चाल म्हटलं ना."

तो चालला, सरळ चालला. मग मुलीला चालवलं. आमची मंडळी, सुनंदा, कणकेचे हात घेऊन दारात उभी राहिली. तिला मी सगळं सांगितलं. सुनंदा माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. मी तिला हिशोब सांगितला. मामा-भाचीत त्या धाग्याचा सरासरी चौथा हिस्सा सारखा असतो, आते-मामे भावंडांत आठवा.

"मग आता काय, मला माहेरी पाठवताय?" ती म्हणाली. "माझं माहेर म्हंजे तुमचं आजोळच की." ती हसत होती, पण जेवताना दोन्ही मुलांच्या हाताकडे, घास तोंडापर्यंत नीट जातो का याकडे, बघत होती. मीही तेच बघत होतो.

बाहेरगावाहून गौरीच्या रक्ताचा अहवाल आला. मॅडमचा अंदाज खरा निघाला. त्यांनी आईबापाला समोर बसवून सांगितलं. एकाच घरातून आलेला हा दोष दोघांतही एकेरी आहे, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली, आणि एकेरी असला की असा आजार होत नाही. मूल होताना दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत आली तर असं होतं. त्याची शक्यता चारात एक.

दोघं बाहेर आले. बाप भिंतीला टेकून उभा राहिला. मला म्हणाला, "सर, आमच्या आईनं जुळवलं होतं. पोरगी घरात राहील, परक्याचा जाच न्हाय. लई चांगल्या मनानं जुळवलं होतं." मी म्हणालो, मला माहीत आहे. आमच्याकडेही असंच जुळवतात.

महादेवी मात्र हिशोबात गुंतली होती. तिच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आला होता. "सर, चारात एक म्हनल्या ना मॅडम? मग एकीला झालं की. आता सावी सुटली."

आकड्यांशी माझं वैर नाही. घरचा किराणासुद्धा मी दोनदा बेरीज करून घेतो. पण त्या बाकावर मला पहिल्यांदा वाटलं की आकडा माहीत नसता तर बरं झालं असतं. मान हलवली असती तर ती सुखाने एसटीत बसली असती. आणि सावी कधी पडली, तिला खोकला झाला, की कुणीतरी सहज एक्स-रे काढला असता, मग दुसरा. या पोरींना एकेक एक्स-रेही विचार करून काढावा लागतो.

"ताई," मी म्हणालो, "तसं नसतं. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. गौरीला झालं म्हणून सावीची चिठ्ठी काढून टाकली जात नाही."

तिने सावीला उचलून मांडीवर घेतलं. तो उजेड गेला तो माझ्यासमोर गेला.

गौरीची मान भरून यायला दोन महिने गेले. डाग राहिला आहे. किरण कायमचे बंद, इंजेक्शनं बेतानं, मोजून. गाठी थोड्या कमी आहेत. मॅडम 'बघू' म्हणतात. डॉक्टरांच्या 'बघू'चे मी पुष्कळ अर्थ ऐकले आहेत, यातला कोणता ते मला कळत नाही. तिची चाळणी मी अजून टाकलेली नाही. खरं तर उपचार थांबला की ती नष्ट करायची असते.

गेल्या आठवड्यात ते आले होते. सावीचं रक्त सकाळीच काढून पाठवलं. अहवालाला काही आठवडे लागणार. महादेवीला तेवढा दम नव्हता. दुपारी विभाग रिकामा झाला तशी ती मला म्हणाली, "सर, तुमी रोज इतकी मानसं बघता. जरा हिला चालताना बघा की. सरळ चालते का?"

"ताई, मी डॉक्टर नाही. आणि डॉक्टरांनाही या वयात नुसतं बघून सांगता यायचं नाही."

"बघा तर."

तिने सावीला कॉरिडॉरच्या एका टोकाला उभं केलं. मी दुसऱ्या टोकाला उकिडवा बसलो. बाप मध्येच भिंतीशी उभा, तो फरशीकडे बघत होता. गौरीने बाकावरून तिला कन्नडात बोलावलं, "सावी, बा बा!" आणि पावलं मोजू लागली. ओंदु, एरडु, मूरु. सावी निघाली, डावीकडे झुकली, थांबली, पुन्हा निघाली. दोन्ही हात पंखासारखे उघडे. पाचव्या पावलाला ती धपकन बसली, हसली, उठली. झोकांडी देत आली आणि शेवटचं अंतर पळून माझ्या गुडघ्यांवर आदळली.

मी तिला धरलं. महादेवी जवळ येऊन उभी राहिली. तिला उत्तर हवं होतं. माझ्या तोंडून तेच निघालं जे कुणाच्याही निघालं असतं.

"ताई, या वयात सगळीच मुलं अशी चालतात."

"व्हय," ती म्हणाली आणि सावीला माझ्या हातातून उचलून घेतलं. "गौरी चालायला लागली तवाबी सगळ्यांनी हेच म्हनलं होतं."